गल्लीतल्या गोष्टी गोळा केल्या, आता पुढं काय?

पत्र असं आलंय:

"ताई, मी कोल्हापुरात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे. आम्ही ९ जणांनी ४ महिने नदीकडच्या एका गल्लीत फिरून ४१ लोकांच्या महापुराच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. आमच्या डोक्यात असं होतं की लोकांनी आपापल्या गोष्टी सांगितल्या, एकमेकांच्या ऐकल्या, की ते भागातल्या प्रश्नांवर पण बोलायला लागतील, महापालिकेत जातील, निदान एकत्र तरी येतील. मग शनिवारी दुपारी ४ वाजता कॉलेजच्या हॉलमध्ये मीटिंग ठेवली, घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या, आले ६ जण. त्यातले दोघं शेजारी २००५ चं पाणी कुठपर्यंत आलेलं यावरून भांडले आणि मीटिंग तिथंच संपली. आता सर म्हणतात पीडीएफ करून सबमिट करा आणि विषय संपवा. भागातला एक कार्यकर्ता म्हणतोय सगळी रेकॉर्डिंग मला द्या, साहेबांपर्यंत पोचवतो. एका आजींनी २०१९ च्या मदतीचे पैसे घरातल्याच माणसानं कसे घेतले ते सांगितलंय, त्यांचा मुलगा आता म्हणतो ते डिलीट करा. ग्रुपमधले निम्मे कंटाळलेत. मला पण वाटायला लागलंय की लोकांनाच काही पडलेली नाही. सोडून देऊ का? – एक स्वयंसेविका"

अगं पण शनिवारी दुपारी ४ ला, आणि ते पण कॉलेजच्या हॉलमध्ये? ६ जण आले हेच मला जास्त वाटतंय. त्या वेळेला गल्लीतली निम्मी माणसं कामावर, बायका पोरांच्या क्लासच्या आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या गडबडीत, आणि ज्या आजी तुला दारात बसवून तास-दीड तास बोलल्या त्या कॉलेजचा जिना चढून माईकसमोर कशाला येतील, त्यांना तुमचं कॉलेज म्हणजे नातवाच्या ॲडमिशनला पैसे भरायची जागा. तेव्हा ते "लोकांना पडलेली नाही" आधी खोडून टाक. ४१ माणसांनी अनोळखी पोरांना घरात घेतलं, चहा पाजला आणि आयुष्यातला सगळ्यात वाईट आठवडा उकलून सांगितला, आणि तुम्ही तो मोबाईलमध्ये घालून घेऊन गेलात. त्यानंतर गल्लीला काय मिळालं? एक चिठ्ठी, की शनिवारी आमच्याकडं या.

माझं म्हणणं एवढंच आहे बघ. गोष्ट जिथनं उचलली तिथं परत नेऊन ठेवायची, आणि ठेवताना तिच्या शेजारी एक कागद ठेवायचा. ह्या दोन्हीत तुम्ही अजून काहीच केलेलं नाही, मग सोडायचं कसलं, निम्मं काम तर अजून सुरूच व्हायचंय.

परत नेऊन ठेवायचं म्हणजे काय ते सांगते. तुमच्या गल्लीची तालीम असेल (म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि गल्लीच्या पोरांचं मंडळ, दोन्ही एकात), नसली तर शेजारच्या गल्लीची असेल, कोल्हापुरात तालमीशिवाय पेठ नसते हे तुला मी काय सांगू. तिथल्या पोरांना विचारून रात्री साडेआठ-नऊला, जेवणं झाल्यावर, कट्ट्यावर एक ब्लूटूथ स्पीकर ठेवा. भाषण नको, बॅनर नको, प्रास्ताविक तर अजिबात नको (एनएसएसवाल्यांना प्रास्ताविकाचा काय सोस असतो देवाला माहीत). ज्यांनी परवानगी दिलीय अशा चार-पाच जणांची दोन-दोन मिनिटं लावा, बास. आपल्या शेजारणीचा आवाज स्पीकरवर ऐकला की बायका खिडकीतनं खाली येतात. मग कोणीतरी म्हणणारच की हे असं नव्हतं, आदल्या रात्रीच पाणी चढलं होतं, आणि तिथनं तुमची खरी मीटिंग सुरू होते. बायकांचं मात्र वेगळं धर, तालमीच्या कट्ट्यावर सगळ्याच बायका बोलतील असं नाही, बचत गटाच्या मीटिंगमध्ये तुमच्यातल्या मुलींनी जाऊन तेच परत करा. आणि गल्लीत कुंभारांची घरं असतील तर गणपतीच्या आधीचे दोन महिने त्यांच्या वाटेला जाऊ नका, २०१९ ला ऐन गणपतीच्या तोंडावर त्या लोकांच्या मूर्ती पाण्यात गेलेल्या, त्या दिवसांत ते रंगाचा हात बाजूला ठेवून तुमच्याशी बोलणार नाहीत आणि बोलूही नये.

आता तुम्ही विचारलंत काय ते पत्रात लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की "तुमचा महापुराचा अनुभव सांगा" असंच विचारलं असणार. असं विचारलं की माणूस टीव्हीवर बोलल्यासारखं बोलतो, शासनानं लक्ष द्यावं, आमचे लई हाल झाले. त्यापेक्षा म्हणायचं, पाणी कुठपर्यंत आलेलं ते हात लावून दाखवा. एकदा माणसानं भिंतीला हात लावला की मग सगळं येतं, पहिल्यांदा काय उचललं, माळ्यावर काय टाकलं, म्हातारीला कोणी खांद्यावर घेतलं, बोट कुठनं आली, आणि "बाहेर पडा" हे कोणी सांगितलं, महापालिकेच्या गाडीनं, तालमीच्या पोरांनी, का कोणीच नाही.

आणि तो हात लावलेला फार कामाचा आहे, कसा ते बघ. पावसाळ्यात तुम्ही सगळे मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघता, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, २०१९ आणि २०२१ ला ते ५५ च्या पण वर गेलेलं. पण गल्लीतल्या आजींना बंधाऱ्यावरच्या ४३ फुटांचं काय करायचंय, त्यांचा उंबरा किती फुटाला बुडतो ते त्यांना पाहिजे, आणि ते कुठल्याच बातमीत येत नाही. जुनी माणसं शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामावरच्या ठराविक उंचीला पाणी लागलं की म्हणायची मच्छिंद्री झाली, आता सामान काढा. त्यांच्यापुरता तो हिशोब पक्का होता. तसा हिशोब तुमच्या ४१ रेकॉर्डिंगमध्ये पडलेला आहे, तो काढा. कोणाच्या दारात पाणी कुठल्या दिवशी किती वाजता आलं ते लिहून काढा, त्या वेळेला बंधाऱ्यावर किती होतं ते त्या दिवसांच्या पेपरात सापडतं, दोन्ही शेजारी-शेजारी मांडलं की गल्लीचा आपला तक्ता होतो, बंधाऱ्यावर इतके फूट झाले की कोपऱ्यावरच्या गटारीतनं उलटं पाणी येतं, इतके झाले की पहिलं घर, इतके झाले की तालीम. माणसांच्या आठवणीत दिवस-वेळ मागंपुढं होणार हे धरून चाल, दोन-तीन जणांचं जुळलं तरच लिही. हा तक्ता फ्लेक्स करून तालमीच्या भिंतीवर लागला ना, की सगळे येऊन वाचतील, न बोलवता.

आता कागद. नुसती गोष्ट ऐकून माणूस हळहळतो आणि घरी जाऊन जेवतो. मी बरीच वर्षं बातमीदारी केलीय, हळहळ किती टिकते ते मला चांगलं माहितीये. राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरमध्ये कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनावणी घेतली, त्यांची ती पहिलीच. त्यात केलं काय, तर सरकारी कामांच्या नोंदी सगळ्या गावासमोर मोठ्यांदा वाचून दाखवल्या. कागद म्हणतोय इतकी मजुरी दिली, इतकं काम झालं, आणि ज्याच्या नावावर ती दिलेली तो समोर उभा राहून म्हणतोय, मला कुठं मिळाली? त्याची गोष्ट गावाला आधीपासून माहितीच होती, पण कागदासमोर उभी राहिल्यावर ती तक्रार उरली नाही, हिशोब झाला. माहितीच्या अधिकाराची चळवळ अशाच सुनावण्यांमधून मोठी झाली आणि देशभराचा कायदा २००५ ला आला.

तर तुमच्या गल्लीतल्या गोष्टींतनं प्रश्न काढा, पण एकच काढा. मला विचारशील तर जयंती नाला. नदी फुगली की नाल्याचं पाणी मागं फिरतं आणि वस्तीत घुसतं, आणि तुझ्या ४१ पैकी निदान वीस जणांनी तरी म्हटलं असणार की नाला साफच करत नाहीत. बघ ऐकून. मग माहिती अधिकारात महापालिकेला विचारा की मागच्या तीन वर्षांत आमच्या गल्लीजवळच्या भागात नालेसफाई कुठल्या तारखांना झाली, किती अंतराची झाली, बिल किती निघालं, त्याच्या प्रती द्या. फी १० रुपये, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा पाहिजे, महाराष्ट्रात तसा नियम आहे, त्यामुळं सगळ्या जगाचं एका अर्जात घालू नका, तुमच्या वयात तो मोह होतो. उत्तराला ३० दिवसांची मुदत. ३० दिवसांत नाही आलं तर त्याच ऑफिसात वर पहिलं अपील करायचं, चिडायचं नाही. अर्ज तू तुझ्या नावानं करू नकोस, किंवा एकटीच्या तरी करू नकोस, गल्लीतल्या कोणाच्या तरी नावानं जाऊदे, शक्यतो एखाद्या काकूंच्या, तुम्ही फक्त लिहायला मदत करा. कारण दोन वर्षांनी तू पुण्याला नाहीतर बेंगलोरला असशील आणि नाला इथंच असणार आहे.

दुसरा कागद पूररेषेचा. जलसंपदा खातं नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखतं, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येईल एवढा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. त्या नकाशावर तुमची गल्ली कुठं येते ते बघा आणि लोकांनी हात लावलेल्या खुणांशी जुळवा. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर विचारायला अजून एक प्रश्न मिळाला. पण हा नकाशा गल्लीत नेताना जपून हां, निळ्या रेषेच्या आत घर आहे हे ऐकलं की लोकांना वाटतं आता घर पाडायला येणार, आणि मग तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. आधी दोन जाणत्या माणसांशी बोला, मग ठरवा.

विचारायचं कोणाला हा पण घोळच आहे. आपल्या महापालिकेची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासकच होता, तुमच्या वयाच्या पोरांनी कॉलेजला येईपर्यंत नगरसेवक काय असतो ते धड बघितलेलं नाही. आता निवडणूक झालीय, पण एका प्रभागात चार-चार नगरसेवक, एकाकडं गेलं की तो म्हणणार ते काम दुसऱ्याचं. कायद्यात क्षेत्रसभा म्हणून गोष्ट २००९ पासून आहे, गावाला ग्रामसभा तशी शहरातल्या मतदारांची सभा, पण तिची नोटीस तू कधी बघितलीस का? मी पण नाही. म्हणून तुमचा तालमीचा कट्टाच क्षेत्रसभा समजा, चारही नगरसेवकांना एकाच दिवशी एकच पत्र द्या, आणि तुमच्या भागाचं जे विभागीय कार्यालय असेल, गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी नाहीतर ताराराणी मार्केट, तिथल्या उपशहर अभियंत्यांना पण द्या, पोच घेऊन. पोच घ्यायची म्हणजे घ्यायचीच.

आणि त्या कार्यकर्त्याला रेकॉर्डिंग द्यायची नाहीत. एक सुद्धा नाही. माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही, कदाचित महापुरात त्यानंच सगळ्यात जास्त लोकांना बाहेर काढलं असेल, तालमीतली ही पोरंच पाण्यात उतरतात. पण एका साहेबांकडं गेलं की दुसऱ्या साहेबांची माणसं तुमच्याशी बोलायची बंद होणार, आणि प्रचाराच्या रीलमध्ये आपला रडका चेहरा बघितला की ती बाई आयुष्यात परत कोणाला काही सांगणार नाही. त्याला सरळ सांग, दादा, गल्लीत सगळ्यांसमोर लावणार आहोत, तुम्ही पण या, साहेबांना पण घेऊन या, खुर्ची ठेवतो. रुसेल चार दिवस. रुसूदे.

आता आजींचं, ते सगळ्यात अवघड आहे म्हणून शेवटाकडं ठेवलं. २०१९ ला शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला १५ हजारांचं सानुग्रह अनुदान होतं, त्यातले ५ हजार आधी रोख आणि बाकीचे बँकेत. ते कोणाच्या खात्यावर आले आणि कोणी काढले यावरून किती घरांत अजून बोलणं बंद आहे ते मला विचार. आजींनी तुला ते सांगितलं कारण तू घरातली नव्हतीस. मुलगा म्हणतो डिलीट करा, पण गोष्ट मुलाची नाही, आजींची आहे, म्हणून तू आजींकडं जा, मुलगा कामावर असताना, मोबाईल पिशवीत ठेवून, आणि विचार, आजी याचं काय करू? त्या म्हणाल्या पुस, तर त्यांच्यासमोर पुस, ड्राईव्हवरनं पण पुस, ग्रुपवर कोणाला पाठवलं असशील तर तिथनं पण. त्या म्हणाल्या राहूदे, तरी गल्लीत लावायचं नाही. त्यांना त्याच घरात राहायचंय. मुलाला मात्र खोटं सांगू नकोस, तुमच्या आईंना विचारून करतो एवढंच सांग.

"नाव बदलून लावू" असं तुमच्यातलं कोणीतरी म्हणणार, म्हणून माझीच एक चूक सांगते. बातमीदारी नवी होती तेव्हा एका विधवा बाईंची कर्जाची हकिगत मी नाव बदलून छापली, लई काळजी घेतली असं वाटलेलं मला, पण त्यात तीन म्हशी लिहिल्या, आणि त्या वाडीत तीन म्हशी असलेली विधवा बाई एकच होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. परत गेले तर त्या काही बोलल्या नाहीत, बसा म्हणाल्या, पण चहा विचारला नाही. गल्लीत नाव बदलून काही लपत नाही गं. म्हणून परवानगी एक नाही, तीन वेगवेगळ्या घ्या, रेकॉर्ड करू का, नाव लावू का, दुसऱ्यांना ऐकवू का, आणि तिसरी परवानगी त्यांचा आवाज त्यांना ऐकवल्यानंतर घ्या. ४१ जणांकडं परत जावं लागेल, हो. नऊ जण आहात, प्रत्येकाला चार-पाच घरं येतात.

एक गोष्ट तुझ्या पत्रात मला खटकली ती सांगते. सगळ्या आठवणी महापुराच्याच, म्हणजे नुसत्या सोसण्याच्या. नुसतं सोसल्याचं ऐकत राहिलं की माणूस अजून खाली बसतो. परत जाल तेव्हा एक जादा प्रश्न घेऊन जा, तुम्ही सगळ्यांनी मिळून कधी काय करून घेतलंय का? कोल्हापुरात ह्याला उत्तर नाही असं घर सापडणार नाही. शहरातल्या रस्त्यांवर लावलेल्या टोलचं विचार. त्या मोर्च्यांना म्हाताऱ्या बायकासुद्धा होत्या, आणि शेवटी २०१५ च्या डिसेंबरात सरकारला टोल रद्द करायला लागला. थेट पाईपलाईनचं विचार, काळम्मावाडी धरणाचं पाणी शहराला येणार येणार म्हणत किती वर्षं काढली आणि २०२३ च्या दिवाळीत ते कसं आलं, आणि आल्यावर पण नळाला किती येतं यावर तुला वेगळा तासभर ऐकायला मिळेल. ह्या गोष्टी सांगताना माणसांचा आवाज वेगळा लागतो, तो स्पीकरवर महापुराच्या आठवणींच्या नंतर लाव.

सरांना पीडीएफ देऊन टाक गं, त्यात काय. त्यांना रिपोर्ट पाहिजे, तुम्हाला वर्षाचे १२० तास भरायचेत, ते दोन संध्याकाळी बसून होतं. ग्रुपमधले कंटाळलेत त्यांना रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला लावू नकोस, त्या कामानं कोणीही पळून जाईल, त्यांना टेप आणि खडू देऊन भिंतींवरच्या उंच्या मोजायला पाठव. आणि तुमच्या नऊ जणांपैकी मतदार यादीत किती आहेत? विचार एकदा. १८ पूर्ण झालं की १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखांना धरून नाव घालता येतं, सहा नंबरचा फॉर्म, मोबाईलवर होतो. गल्लीला नागरिक व्हा म्हणून सांगायला जाणाऱ्यांची स्वतःची नावं यादीत नसली तर तालमीतली पोरं तुम्हाला वर्षभर सोडणार नाहीत.

पहिल्या रात्री वीस जण आले तरी भरपूर झाले म्हण. पाऊस असेल तर पुढं ढकल, पण रद्द करू नकोस. आणि ते दोघं शेजारी भांडले म्हणालीस ना २००५ च्या पाण्यावरून, ते भांडण मिटवायला जाऊ नकोस. दोघांनाही भिंतीपाशी घेऊन जा, दोघांना हात लावायला सांग, दोन्ही खुणा काढ आणि चालत असेल तर खाली ज्याचं त्याचं नाव लिही.